गरम झाल्यावर वळणावर धरणारी गाडी : मॅन्युअल गिअरच्या ऑल-व्हील-ड्राइव्ह सुबारूचे निदान

इंजिनची ताकद कायम चारही चाकांना देणारी (ऑल-व्हील-ड्राइव्ह), पाच गिअरची मॅन्युअल सुबारू ही जपानी गाडी सकाळी थंड असताना कुठेही वळवली तरी कुरकुर करत नाही. पण अर्धा तास महामार्गावर चालून आल्यानंतर तीच गाडी दुकानाच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून वळवू लागले, की कोणीतरी मागून ओढून धरल्यासारखी जड होते, हिसके देत पुढे सरकते, टायर डांबरावर घासल्याचा आवाज येतो आणि हँडब्रेक अर्धवट ओढलेला तर राहिला नाही ना, अशी शंका येऊन हात आपोआप तिकडे जातो. गाडी रात्रभर उभी राहिली की हे लक्षण नाहीसे होते. म्हणून गॅरेजमध्ये सोडलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक थंड अवस्थेतच एक चक्कर मारून पाहतो, त्याला काहीच जाणवत नाही आणि गाडी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत येते. काही दिवसांनी तक्रार पुन्हा सुरू होते.

अमेरिकेतल्या कोलोराडो, व्हर्माँट, वॉशिंग्टन अशा बर्फाच्या राज्यांत सुबारू सर्रास दिसते आणि तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी जे जुनी मॅन्युअल लेगसी, इम्प्रेझा, फॉरेस्टर किंवा आउटबॅक घेऊ पाहतात किंवा वापरतात, त्यांना या दोषाशी कधी ना कधी गाठ पडण्याचा संभव असतो. हे लेखन त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की या गाड्यांत जो भाग निकामी झालेला सापडतो तो पुष्कळदा दोषाचे मूळ नसून दोषाचा बळी असतो, आणि मूळ कारण जागेवर ठेवून तो भाग बदलला, तर नवा भागही त्याच वाटेने जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. या तक्रारीवर मिळणारे बरेचसे सल्ले ऑटोमॅटिक गिअरच्या सुबारूला लागू असतात. जुन्या चार-गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये मागच्या चाकांकडे जाणारी ताकद तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लच-पट्ट्यांतून जाते आणि ती सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेच्या नियंत्रणात असते, त्यामुळे इंजिनखान्यातील ठराविक जागी फ्यूज घालून मागची चाके सोडवता येतात, कधी तेल बदलूनही फरक पडतो. मॅन्युअल गाडीत हे सोलेनॉइड नाही, त्या पट्ट्या नाहीत आणि फ्यूजची ती सोयही नाही. इथे सगळे काम यांत्रिक आहे, म्हणून निदानाची वाटही वेगळी आहे.

गाडी का धरते

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. हा फरक किती मोठा असतो, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. २००० च्या दशकातल्या इम्प्रेझाच्या दोन धुरांमधले अंतर साधारण २.५ मीटर आहे. मागच्या धुरेचा मध्य ४.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत असेल, तर पुढच्या धुरेचा मध्य सुमारे ५.१६ मीटर त्रिज्येवर असतो, म्हणजे पुढच्या चाकांना जवळपास १५ टक्के अधिक अंतर कापावे लागते. एका पूर्ण फेरीत हा फरक चार मीटरच्या आसपास जातो, आणि २०५/५५ आर १६ मापाच्या टायरचा परीघ दोन मीटरच्या किंचित आत असल्यामुळे, पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा सुमारे दोन फेऱ्या जास्त फिरावे लागते.

हा फरक पोटात घेण्याचे काम गिअरबॉक्सच्या शेपटाकडे बसवलेल्या सेंटर डिफरन्शियलचे असते. त्याच्या एका बाजूने ताकद पुढच्या डिफरन्शियलकडे आणि दुसऱ्या बाजूने प्रॉपेलर शाफ्टमार्फत मागे जाते, आणि नेहमीच्या चालीत ती निम्मी निम्मी वाटली जाते. पण नुसता डिफरन्शियल ठेवला, तर एक चाक बर्फावर घसरू लागताच सगळी ताकद तिकडेच वाया जाईल, म्हणून त्याला व्हिस्कस कपलिंग जोडलेले असते. हे कपलिंग म्हणजे सीलबंद डबा असतो. त्यात पातळ पोलादी चकत्या एकाआड एक बसवलेल्या असतात, एक संच एका शाफ्टला तर दुसरा संच दुसऱ्या शाफ्टला जोडलेला असतो, आणि मधल्या जागेत दाट सिलिकॉन द्रव आणि थोडी हवा असते. काकवीतून पळी हळू फिरवली तर फिरते आणि झटक्याने फिरवू गेले तर हाताला अडते, तसेच या चकत्यांचे आहे. पार्किंगमधल्या वळणावर दोन्ही शाफ्टांच्या वेगात थोडा फरक असतो, तेव्हा कपलिंग तो होऊ देते, आणि चाक घसरून फरक एकदम वाढला की विरोध करते.

द्रव तापला की फुगतो. त्याने हवेची जागा व्यापली की आतला दाब वाढतो, चकत्या एकमेकींना टेकू लागतात आणि कपलिंग जवळपास घट्ट होते. चिखलात किंवा बर्फात रुतलेल्या गाडीला हा गुण उपयोगी पडतो, कारण तो क्षणभरापुरता असतो. पण दोन्ही शाफ्टांच्या वेगातला छोटा फरक तासन्‌तास, हजारो किलोमीटर चालू राहिला, तर द्रव सतत तापलेला राहतो, त्याचे गुणधर्म बिघडतात, चकत्या झिजतात, आणि शेवटी अशी वेळ येते की सामान्य उष्णतेतही कपलिंग सुटत नाही. थंड असताना बरी आणि तापल्यावर धरणारी गाडी म्हणजे हे बिघडणे अर्ध्या वाटेवर आहे. जी थंड असतानाही धरते, तिचे कपलिंग पूर्ण गेले आहे.

एक फरक इथे नोंदवला पाहिजे. महिंद्रा थार किंवा मारुती जिप्सीसारख्या, लिव्हरने फोर बाय फोर जोडण्याच्या गाडीत सेंटर डिफरन्शियल नसतोच. कोकणातल्या चिखलातून वर आल्यावर लिव्हर परत टू-व्हीलमध्ये न टाकता डांबरावर वळवलेली जिप्सी अगदी अशीच धरते, पण तो बिघाड नाही. तिच्या रचनेचा तो धर्म आहे आणि लिव्हर मागे घेतला की प्रश्न मिटतो. सुबारूच्या एसटीआय मॉडेलमध्ये चालकाला सेंटर डिफरन्शियलची पकड हाताने वाढवता येते, तिथेही पकड पूर्ण लावून पार्किंगमध्ये वळले तर गाडी धरणारच, त्यामुळे आधी ते नियंत्रण ऑटोवर आहे की नाही ते पाहावे.

क्लच, ब्रेक आणि हिल होल्डर

गाडी हिसके देत सरकते असे सांगितले, की गॅरेजमध्ये पहिला संशय क्लचवर जातो. हा संशय फेडायला कोणतेही हत्यार लागत नाही. क्लच गिअरबॉक्सच्या आधी असतो आणि सेंटर डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या नंतर, म्हणून क्लच पूर्ण दाबला तरी पुढची आणि मागची चाके एकमेकांशी जोडलेलीच राहतात. सपाट, कोरड्या जागी स्टिअरिंग पूर्ण फिरवलेले असताना गाडीला थोडा वेग द्यावा, मग गिअर न्यूट्रलमध्ये टाकून क्लचवरून पाय काढावा आणि गाडी आपल्या वेगाने फिरू द्यावी. ती सुरळीत घरंगळत गेली आणि हादरे फक्त हाफ क्लचवर येत असतील, तर क्लच पाहावा. न्यूट्रलमध्येही ती लगेच थबकत असेल, जणू चाकांनी रस्ता चावला आहे, तर क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. क्लचचा हादरा सरळ रस्त्यावर गाडी उचलतानाही येतो, धरणे मात्र वळणावरच येते.

क्लचवरून पाय काढायला मी मुद्दाम सांगतो. जुन्या मॅन्युअल सुबारूंमध्ये हिल होल्डर नावाची सोय आहे. चढावर थांबलेली गाडी मागे येऊ नये म्हणून ती क्लच दाबलेला असेपर्यंत ब्रेकचा दाब धरून ठेवते, आणि तिची केबल क्लच-पेडलला जोडलेली असते. केबलची जुळणी बिघडली की ब्रेक सुटायला उशीर होतो आणि गाडी धरल्यासारखी वाटते. चाचणीची जागा जराशी जरी चढाची असली, तरी या दोन गोष्टींची गल्लत होते. जागा सपाट हवी ती याच कारणाने.

ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी दाबून धरणारी पकड, अडकले असेल तर सरळ रस्त्यावरही गाडी जड जाते आणि थांबल्यावर त्या एका चाकाची तबकडी इतरांपेक्षा खूप तापलेली असते. हात न लावता, जवळ नेऊनच धग समजते. बाहेरच्या सीव्ही जॉइंटची, म्हणजे चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या सांध्याची, तक्रार म्हणजे वळणावर टक्‌-टक्‌ असा ठरावीक आवाज, त्यात गाडी जड होत नाही. एवढ्यावर या दोन्ही शंका फिटतात.

चाचणी गरम गाडीवरच

गाडी महामार्गाच्या वेगाने निदान अर्धा तास चालवावी आणि मध्ये न थांबता सरळ रिकाम्या, कोरड्या, डांबरी मैदानावर आणावी. पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे असे इंग्रजी आठच्या आकारात फिरवावी. दोन्ही दिशांना सारखेच धरत असेल तर संशय सेंटर डिफरन्शियलवर जातो, एकाच दिशेला धरत असेल तर जॉइंट, ब्रेक किंवा स्टिअरिंगचा भाग आधी तपासावा. लगेच तीच फेरी ओल्या गवताच्या किंवा सुट्या खडीच्या जागेवर करावी. तिथे टायरांना सहज घसरता येते, म्हणून जखडलेली गाडीही शहाण्यासारखी फिरते. डांबरावर धरणे आणि खडीवर न धरणे या जोडीला निदानात मोठे वजन आहे. ज्यांची गाडी वर्षातले चार महिने बर्फावर चालते, त्यांना हा दोष हिवाळाभर न जाणवता उन्हाळ्याच्या तोंडावर अचानक ‘उद्‌भवल्यासारखा’ वाटतो, त्याचे कारणही हेच आहे.

मला सर्वांत खात्रीची वाटणारी चाचणी डोळ्यांनी पाहण्याची आहे. चारही चाकांच्या रिमवर रंगीत चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावावा, मैदानावर खडूने एक खूण करावी, आणि पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर, अगदी चालण्याच्या वेगाने एक पूर्ण वर्तुळ घ्यावे. दोन मदतनीस असतील तर एकाने आतल्या बाजूने आणि दुसऱ्याने बाहेरच्या बाजूने गाडीबरोबर चालत फोनवर चित्रीकरण करावे. नंतर ते सावकाश पाहत प्रत्येक चाकाच्या फेऱ्या मोजाव्यात, पाव फेरीपर्यंत. पुढच्या दोन चाकांच्या फेऱ्यांची बेरीज मागच्या दोन चाकांच्या बेरजेपेक्षा स्पष्टपणे जास्त यायला हवी. वर दिलेल्या इम्प्रेझाच्या हिशेबात पुढच्या चाकांची सरासरी १६ च्या वर आणि मागच्यांची १४ च्या वर येते. सेंटर डिफरन्शियल जखडलेला असेल, तर या दोन्ही बेरजा सारख्या येतात, कारण चाकांना वेगळे फिरण्याची मुभाच राहिलेली नसते आणि उरलेला फरक टायर रस्त्यावर घासून भरून काढतात. बेरजा सारख्या आल्या आणि डांबरावर काळे ओरखडे दिसले, तर मेकॅनिकशी वाद घालायची वेळ येत नाही. त्याला चित्रीकरण दाखवता येते.

टायर

आता कारणाकडे. सुबारूची स्पष्ट सूचना आहे, की चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. हा आकडा वाचून अनेकांना तो फार काटेकोर वाटतो, कारण तो टायरच्या नक्षीच्या भाषेत किती होतो ते त्यांनी पाहिलेले नसते. टायरची नक्षी १ मिलिमीटर झिजली की त्रिज्या तेवढी कमी होते आणि परीघ त्याच्या सव्वासहा पटीने, म्हणजे ६.३ मिलिमीटरने घटतो. याचा अर्थ नक्षीच्या खोलीत साधारण १ मिलिमीटरचा फरक, एवढीच काय ती सूट आहे. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटरच्या आसपास असते. तीन टायर निम्मे झिजलेले असताना चौथा खिळ्याने फाटला आणि तेवढा एकच नवा घातला, तर खोलीतला फरक ४ मिलिमीटर आणि परिघातला २५ मिलिमीटर होतो, म्हणजे सुबारूच्या मर्यादेच्या चौपट.

त्याचे परिणाम कसे वाढत जातात ते पाहा. २०५/५५ आर १६ चा टायर एका किलोमीटरला सुमारे ५०४ फेऱ्या फिरतो. एका धुरेवरचे दोन्ही टायर नवे आणि दुसऱ्या धुरेवरचे दोन्ही निम्मे झिजलेले असतील, तर दोन धुरांमध्ये किलोमीटरमागे सहाहून अधिक फेऱ्यांचा फरक पडतो. डिफरन्शियलच्या ४.११ या गुणोत्तराने (चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.११ फेऱ्या) तो गिअरबॉक्सच्या शेपटाकडे पोचेपर्यंत किलोमीटरला २६ फेऱ्यांवर जातो. एकच टायर वेगळा असेल तर हा आकडा निम्मा होतो, पण शून्य होत नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने सरळ रस्त्यावर चाललेल्या गाडीचे कपलिंग तासाभरात तेराशे ते सव्वीसशे फेऱ्या घासत राहते, चालकाला त्याची गंधवार्ताही नसते आणि तो थांबून पार्किंगमध्ये वळतो तेव्हा पहिल्यांदा ते जाणवते. बहुतेक गाड्यांत पुढचे दोनच टायर बदलण्याचा रिवाज आहे आणि टायरच्या दुकानात तोच सल्ला सहज मिळतो. इथे त्या सल्ल्याचे पालन करणे महागात पडते.

मोजताना चाक उचलून, रिकाम्या अवस्थेत, शिंप्याची किंवा पातळ पोलादी टेप नक्षीच्या मधोमध फिरवून परीघ घ्यावा. टेप तिरकी होऊ देऊ नये, आणि प्रत्येक चाकाचे माप दोनदा घ्यावे. जमिनीवर खूण करून गाडी ढकलत दहा फेऱ्यांचे अंतर मोजण्याची पद्धत साध्या गाडीला ठीक आहे, पण जिचा सेंटर डिफरन्शियल आधीच जखडलेला आहे तिच्यात ती फसवते, कारण सर्व चाके सक्तीने एकत्र फिरत असल्यामुळे टायरांमधला फरक त्या मापात पुरता उतरत नाही. हवा दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाप्रमाणे, थंड टायरात भरलेली असावी. पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी तिथे वेगवेगळे आकडे असतील तर ते तसेच पाळावेत. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असावेत, कारण एकच माप छापलेल्या दोन कंपन्यांच्या टायरांच्या प्रत्यक्ष परिघातही पुष्कळदा फरक निघतो.

मोजल्यावर दोन टायर मोठे आणि दोन लहान निघाले, तर निदानासाठी एक उपाय करता येतो. प्रत्येक धुरेवर एक मोठा आणि एक लहान टायर येईल अशी अदलाबदल करावी. त्यामुळे दोन्ही धुरांची सरासरी सारखी होते, सेंटर डिफरन्शियलवरचा सततचा ताण उतरतो, आणि वर सांगितलेली गरम चाचणी पुन्हा घेतल्यावर गाडी धरेनाशी झाली, तर टायर हेच कारण असल्याचे आणि कपलिंग अजून वाचण्यासारखे असल्याचे कळते. ही मांडणी फक्त चाचणीपुरती ठेवावी, कारण तिने गाडी एका बाजूला ओढते आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला विनाकारण काम पडते.

माझ्या परिचयातल्या एका फॉरेस्टरमध्ये सेंटर डिफरन्शियलचा पूर्ण संच बदलल्यानंतर एक हिवाळाही नीट गेला नाही आणि गाडी पुन्हा धरू लागली. गॅरेजने नवा भागच सदोष ठरवला. टेप लावल्यावर मागचा डावा टायर बाकीच्यांपेक्षा बोटभर मोठा निघाला. तो पंक्चरनंतर एकटाच बदललेला होता, मापही तेच छापलेले होते, पण नक्षी वेगळी आणि खोली जवळपास नव्याची. जुना संच बसलेला असतानाही तोच टायर गाडीवर होता आणि नव्या संचालाही त्यानेच संपवले.

एक चाक उचलून

टायर सारखे असूनही गाडी धरत असेल, तर कोणता डिफरन्शियल दोषी आहे ते गाडी न उघडता ठरवता येते. जमीन सपाट आणि टणक हवी, जॅकखेरीज मजबूत स्टँड हवा, आणि गाडीखाली कोणीही जाता कामा नये. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. ही अट कळीची आहे, कारण गिअर टाकलेला असेल तर इंजिनच चाक अडवते आणि चांगली गाडीही जखडलेली वाटते.

आधी पुढचे एक चाक उचलावे. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढलेला चालेल. उचललेले चाक दोन्ही हातांनी धरून फिरवण्याचा प्रयत्न करावा. कपलिंग चांगले असेल तर चाक जोर लावल्यावर संथपणे, एकसारख्या विरोधाने फिरत राहते, घाई केली की विरोध वाढतो. जखडलेले असेल तर चाक थोडी मोकळी जागा संपेपर्यंत हलते आणि मग भिंतीला टेकल्यासारखे थांबते. नंतर पुढची चाके ठोकळ्यांनी पक्की करून मागचे एक चाक उचलावे. या वेळी हँडब्रेक सोडलेला हवा, कारण तो मागच्याच चाकांवर असतो. पुढचे आणि मागचे दोन्ही अडले तर दोष मध्यभागी आहे. पुढचे फिरते आणि फक्त मागचे अडते, तर मागचा डिफरन्शियल तपासावा, कारण काही मॉडेलांत तिथेही व्हिस्कस पकड असते आणि तीही याच रीतीने जाते. ही चाचणी थंड गाडीवर एकदा आणि लांबच्या फेरीहून आल्या आल्या पुन्हा करावी. दोन वेळच्या हाताच्या अनुभवात मोठा फरक असेल, तर कपलिंग तापल्यावर धरते हाच निष्कर्ष आहे.

पहिल्या पिढीच्या लँड रोव्हर फ्रीलँडरच्या मालकांना ही चाचणी परिचयाची आहे. तिथे कपलिंग प्रॉपेलर शाफ्टच्या मधोमध असते आणि ते वयाने घट्ट होत गेले की ताकद मागे वळवणाऱ्या पुढच्या ट्रान्सफर युनिटचे दात तुटतात, त्यामुळे ते लोक ठरावीक वजन लटकवून चाक किती वेळात उतरते ते नियमित मोजतात. सुबारूच्या मालकांनीही टायर बदलताना एकदा हात लावून पाहण्याची सवय ठेवावी असे मला मनापासून वाटते.

प्रॉपेलर शाफ्ट काढून गाडी चालवून पाहण्याचाही प्रघात आहे. शाफ्ट काढल्यावर गाडी साध्या फ्रंट-व्हील-ड्राइव्हसारखी खणखणीत चालली, तर कपलिंग घट्ट झाले आहे, कारण चांगल्या कपलिंगमध्ये ताकद मोकळ्या मागच्या टोकाकडे निसटते आणि गाडी मरगळल्यासारखी सरकते. पण चांगल्या कपलिंगला ही चाचणी घातक असल्यामुळे ती काही मीटरांपलीकडे नेऊ नये. शिवाय शाफ्ट शेपटातून बाहेर काढताच तिथून गिअर ऑइल वाहू लागते, त्या तोंडाला बूच आधी तयार ठेवावे. एक चाक उचलण्याची चाचणी नि:संदिग्ध असेल, तर मी इथपर्यंत जाणार नाही.

गिअरबॉक्स बदललेल्या गाडीत

तक्रार गिअरबॉक्स किंवा मागचा डिफरन्शियल बदलल्यापासून सुरू झाली असेल, तर टायरांच्याही आधी गुणोत्तर पाहावे. सुबारूमध्ये ३.९०, ४.११, ४.४४ अशी वेगवेगळी अंतिम गुणोत्तरे आढळतात. ४.४४ चा गिअरबॉक्स ४.११ च्या मागच्या डिफरन्शियलबरोबर बसवला तर पुढच्या आणि मागच्या वेगात ८ टक्क्यांचा कायमचा फरक राहतो. टायरांमुळे पडणाऱ्या फरकाच्या तो कित्येक पट आहे आणि नवे कपलिंगही अल्पावधीत जाळतो. मागचे गुणोत्तर शोधण्यासाठी मागची दोन्ही चाके उचलून, ती एकत्र बरोबर एक फेरी फिरवावीत आणि शाफ्ट किती फेऱ्या फिरला ते मोजावे. पुढचे गुणोत्तर गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगवरच्या (क्लचभोवतीच्या कवचावरच्या) ओळख-क्रमांकावरून काढावे. यात एक खाच आहे. काही मॉडेलांत पुढे ३.९० आणि मागे ३.५४५ असे न जुळणारे आकडे दिसतात, तरीही गाडी बरोबर असते, कारण तिथे शेपटातले गिअर १.१ च्या गुणोत्तराने उरलेला फरक भरून काढतात. म्हणून दोन आकडे वेगळे दिसले एवढ्यावर घाबरू नये, शेपटाचे गुणोत्तर धरून हिशेब करावा.

दुरुस्ती

गिअर ऑइल बदलून हा दोष जात नाही. गिअरबॉक्स, पुढचा डिफरन्शियल आणि सेंटर डिफरन्शियल एकाच तेलात चालतात, ते साधारण साडेतीन लिटर, ७५डब्ल्यू-९० दर्जाचे असते आणि वेळेवर बदललेच पाहिजे. पण कपलिंगमधला सिलिकॉन द्रव सीलबंद डब्यात आहे, बाहेरचे तेल त्याला स्पर्शही करत नाही. तेल काढताना ड्रेन-प्लगच्या चुंबकावर काय चिकटले आहे ते मात्र पाहावे. करड्या रंगाचा बारीक लेप नेहमीचा आहे, नखाला लागतील असे कण किंवा कपचे दिसले तर बेअरिंग किंवा गिअरलाही इजा झाली आहे.

कपलिंग गेले असेल तर सेंटर डिफरन्शियलचा संच बदलावा लागतो. सुदैवाने पाच गिअरच्या गिअरबॉक्समध्ये त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवायची गरज नसते. एक्झॉस्ट आणि प्रॉपेलर शाफ्ट काढून, गिअरबॉक्सला आधार देऊन, मागची आडवी पट्टी सोडवून शेपटाचे कवच उघडले की संच मागच्या बाजूने बाहेर येतो. बसवताना संच आणि कवच यांच्यामधल्या शिमची (अंतर भरणाऱ्या पातळ चकतीची) जाडी मोजून ठरवावी लागते. जुनीच शिम डोळे मिटून परत घातली तर संच सैल राहतो किंवा बेअरिंगवर दाब येतो. काम देताना मेकॅनिकला हे मोजमाप करणार का, असे विचारावे. ज्याला प्रश्न कळेल त्यालाच काम द्यावे. जुन्या गाडीतून काढलेला संच घ्यायचा असेल तर शक्यतो अपघातग्रस्त पण चालत आलेल्या गाडीचा घ्यावा आणि बसवल्यावर एक चाक उचलून पाहावे.

नवा संच बसण्याआधी टायर सारखे झालेले असावेत. चारही नवे घेणे परवडत नसेल आणि एकच फाटला असेल, तर अमेरिकेत काही विक्रेते नवा टायर यंत्रावर घासून बाकीच्या तिघांच्या खोलीला आणून देतात. त्याचे थोडे आयुष्य कमी होते, पण सेंटर डिफरन्शियलच्या खर्चापुढे ते काहीच नाही. पुढे नियमित अंतराने टायरांची अदलाबदल करत राहिले, की चारही सारखे झिजतात.

स्टेपनी छोटी, तात्पुरती असेल तर मॅन्युअल गाडीत ती लावून टायरच्या दुकानापर्यंतच जावे, ती घेऊन महामार्गावरचा लांब प्रवास करू नये. गाडी बंद पडल्यास पुढची किंवा मागची दोनच चाके उचलून ओढू देऊ नये, सपाट पाटीच्या ट्रकचीच मागणी करावी. ओढणारा माणूस थोडेच अंतर आहे म्हणून सांगेल, तरीही मागे हटू नये. ब्रेक तपासणीच्या रोलरवर एकच धुरा चढवून फिरवायला सांगितले, तर गाडी कायम चारही चाकांवर चालणारी आहे आणि तिच्या मध्यभागी व्हिस्कस कपलिंग आहे, हे तपासनिसाला आधी सांगावे.